रीस्टार्ट मशीनला शिकवायचा कसा: ऑनकॉलवर नवीन आलेल्यांसाठी

मी ऑनकॉलवर (म्हणजे सर्व्हिस बिघडली की रात्री-अपरात्री फोन उचलायची पाळी) नवीन होतो तेव्हा टीममध्ये एक न लिहिलेला नियम होता, रिपोर्ट सर्व्हिस लटकली की रीस्टार्ट मारायचा. का लटकते ते विचारायचं नाही, विचारलंच तर "अरे ती तशीच आहे" हे उत्तर ठरलेलं. दर दोन-तीन दिवसांनी ती मेमरी खाऊन फुगायची, फोन वाजायचा, लॅपटॉप उघडा, व्हीपीएन लावा, एक कमांड मारा, परत झोपा. एका अनंत चतुर्दशीला मी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून लक्ष्मी रोडवर मिरवणूक बघत उभा होतो, फोन वाजला, मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ढोलताशाच्या दणदणाटात हॉटस्पॉट लावून तीच एक कमांड मारली. त्या पायरीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा वाटलं की यात माझं डोकं कुठे लागतंय, हे मशीन का नाही करत?

करतं की. पण ते शिकवताना मी बराच मार खाल्लाय, म्हणून हे लिहितोय. उदाहरणं कुबरनेटिस (अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणारं आणि पडले तर उठवणारं टूल) आणि प्रोमिथियसची (सर्व्हिसचे आकडे गोळा करून अलर्ट देणारं टूल) घेतलीत कारण बऱ्याच ठिकाणी हेच असतं. तुमच्याकडे साध्या व्हीएम (आभासी मशीन) आणि सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) असेल तरी विचार तोच, फक्त बटणं वेगळी.

पायरी १: आधी वही काढा

टूल नंतर. आधी गेल्या दोन-तीन महिन्यांचे अलर्ट काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की माणसाने शेवटी नक्की काय केलं. "तपासलं आणि सोडून दिलं" असे अर्ध्याहून जास्त निघतील, ते अलर्ट उडवा किंवा सुधारा, त्यांच्यावर ऑटोमेशन नको. उरलेल्यांत असे शोधा जिथे दर वेळी अगदी तीच कृती झालीय, विचार न करता. त्यातला एकच घ्या. डेटाबेस घेऊ नका, पहिला तर मुळीच नको. ज्या सर्व्हिसमध्ये स्वतःचा डेटा नाही, जी बंद करून चालू केली तर काही हरवत नाही, अशी एखादी घ्या. आमच्याकडे ती रिपोर्ट सर्व्हिसच होती.

पायरी २: मेलंय की नुसतं हळू झालंय?

ही पायरी वाचायची आहे, करायची नाही, पण हीच सोडून लोक पुढे जातात. नाशिकहून लोकलने... सॉरी, पंचवटीने मुंबईला येणाऱ्या माणसाला कसारा घाटात फोन लावा, बाई सांगते "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे". तो बोगद्यात आहे की फोनची बॅटरी गेलीय की फोनच हरवलाय, हे तुम्हाला इथे बसून कळणं शक्य नाही. नेटवर्कवरच्या दोन मशीनचं नेमकं असंच असतं, समोरून उत्तर आलं नाही एवढंच कळतं, का नाही आलं ते कळत नाही. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी तर गणिताने सिद्ध केलंय की निरोप पोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एखादी प्रोसेस मरू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत नक्की होईलच अशी पक्की रीत बनवताच येत नाही. आपण व्यवहारात काय करतो, तर टाइमआउट लावतो. टाइमआउट म्हणजे अंदाज. तो छोटा ठेवला तर हळू चालणाऱ्याला मेलेला समजाल, मोठा ठेवला तर मेलेल्याची वाट बघत बसाल. कॅसँड्रा डेटाबेस तर सरळ हो-नाही ठरवतच नाही, समोरच्या नोडचे (म्हणजे गटातल्या एका मशीनचे) ठोके किती उशिरा येतायत यावरून संशयाचा आकडा वाढवत जातो आणि तो डिफॉल्ट ८ च्या पुढे गेला की मग नोडला मेलेला धरतो.

आता त्याच गाडीत बसून विचार करा. बोगद्यात असताना तुम्ही आईला फोन लावला, लागला नाही, ऑफिसला लावला, लागला नाही, मित्राला लावला, तोही नाही. अख्खी मुंबई मेली का? नाही, बोगद्यात तुम्ही आहात. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३: प्रोब लावा, आणि मी केला तो गाढवपणा करू नका

कुबरनेटिसमध्ये सर्व्हिसच्या प्रत्येक चालू प्रतीला पॉड म्हणतात, पॉडच्या आत प्रोग्राम ज्या डब्यात चालतो तो कंटेनर. पॉडची तब्येत विचारायला तीन प्रोब असतात. स्टार्टअप प्रोब विचारतो "उठलास का?", तो पास होईपर्यंत बाकीचे दोन गप्प बसतात. रेडिनेस विचारतो "गिऱ्हाईक पाठवू का?", नाही म्हटलं तर त्या पॉडकडे ट्रॅफिक जात नाही, पण पॉडला कुणी मारत नाही. लाइव्हनेस विचारतो "जिवंत आहेस का?", आणि नाही म्हटलं तर कंटेनर मारून नवीन उठवतो. डिफॉल्टला दर १० सेकंदांनी विचारणा, उत्तराला १ सेकंद, आणि ओळीने ३ वेळा नापास झाला की कारवाई. म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात निकाल. ते १ सेकंद जरा बघून घ्या, जावासारखं काही असेल आणि गार्बेज कलेक्शनला (नको असलेली मेमरी साफ करण्याला) मध्येच दीड सेकंद लागला तर उगाच नापास.

आता गाढवपणा. मी लाइव्हनेसच्या पत्त्यावर कोड लिहिला की डेटाबेसला एक छोटी क्वेरी मारायची, उत्तर आलं तर ठीक. मला वाटलं किती पक्कं काम केलंय, नुसतं "ओके" परत करण्यापेक्षा खरी तपासणी! दोन महिने छान चाललं. मग एका दुपारी कुणीतरी महिनाअखेरचा भला मोठा रिपोर्ट थेट मुख्य डेटाबेसवर चालवला, डेटाबेस हळू झाला, माझी छोटी क्वेरी एक सेकंदात येईना, आणि अर्ध्या मिनिटात १२ च्या १२ पॉड एकदम मारले गेले. धडधाकट पॉड. ते परत उठले तेव्हा प्रत्येकाने डेटाबेसची २० कनेक्शन उघडली, म्हणजे २४०, वर प्रत्येकाने उठल्या उठल्या कॅश (हाताशी ठेवायचा डेटा) भरायला मोठ्या क्वेऱ्या सोडल्या, त्यामुळे आधीच धापा टाकणारा डेटाबेस आडवाच झाला, त्यामुळे प्रोब परत नापास, परत मार. कुबरनेटिस दर वेळी जास्त थांबून उठवतं, १० सेकंद, २०, ४०, असं दुप्पट करत ५ मिनिटांपर्यंत, त्यामुळे नंतर डेटाबेस सावरला तरी पॉड मात्र आपापली शिक्षा भोगत बसलेले. स्क्रीनवर बाराच्या बारा ओळींत क्रॅश लूप बॅकऑफ, म्हणजे सारखा मरतोय म्हणून थांबवून ठेवलाय. मुळात साइट जरा हळू झाली असती एवढंच होतं, मी ती पाऊण तास पूर्ण बंद पाडली. स्वतःच्या हाताने, ऑटोमॅटिक.

तर नियम असा. लाइव्हनेसमध्ये फक्त तेच तपासा जे रीस्टार्टने बरं होईल. स्वतःचे थ्रेड (आत समांतर चालणारी कामं) अडकलेत का, मुख्य लूप फिरतोय का, बस. आमच्या रिपोर्ट सर्व्हिसमध्ये वर्कर दर काही सेकंदांनी मेमरीत एक वेळ लिहितो आणि लाइव्हनेस तेवढी वेळ शिळी झालीय का बघतो. दुसऱ्याची तब्येत, म्हणजे डेटाबेस, पेमेंट गेटवे, क्यू, यात आणायची नाही. रेडिनेसमध्येही जपून, कारण सगळे पॉड एकाच डेटाबेसवर अवलंबून असतील तर सगळे एकदम "मी तयार नाही" म्हणतील आणि गिऱ्हाइकाला साधा "थोड्या वेळाने या" चा मेसेज दाखवायलाही कुणी उरणार नाही.

पायरी ४: बाहेरून बघा

प्रोबला फक्त पॉडच्या आतलं दिसतं. पॉड म्हणतो मी मस्त आणि युझरला प्रत्येक तिसऱ्या क्लिकला एरर, असं भरपूर वेळा होतं. म्हणून प्रोमिथियसमध्ये सर्व्हिसच्या दारातले चार आकडे पाहिजेतच: किती वेळ लागतोय, किती रिक्वेस्ट येतायत, किती फेल होतायत, आणि क्षमता किती भरत आलीय. सुरुवातीला एकच नियम लिहा, समजा गेल्या ५ मिनिटांत फेल होणाऱ्या रिक्वेस्ट एकूणच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ही परिस्थिती सलग ५ मिनिटं टिकली, तर अलर्ट. ते "सलग ५ मिनिटं" नियमात फॉर नावाने लिहितात, ते विसरलात तर प्रत्येक उचकीला अलर्ट येईल.

आणि एक अट नवीन लोक हमखास विसरतात. पहाटे ३ ला पाच मिनिटांत १० रिक्वेस्ट आल्या आणि १ फेल झाली, तर झाले १० टक्के! म्हणून "आणि एकूण रिक्वेस्ट किमान इतक्या असतील तरच" हे जोडा. शिवाय आकडाच येईनासा झाला तर? आकडा नसला की तुलना होत नाही, तुलना नाही तर अलर्ट नाही, डॅशबोर्ड शांत, सगळे खूश. त्यासाठी आकडा गायब झाल्याचा वेगळा अलर्ट ठेवा, आणि प्रोमिथियसच बंद पडला तर कळावं म्हणून कायम वाजत राहणारा एक अलर्ट बाहेरच्या कुठल्यातरी सेवेकडे पाठवा, तो यायचा थांबला की ती सेवा तुम्हाला फोन करेल. उलटी वाटते पण चालते ही आयडिया.

पायरी ५: औषध सौम्यापासून

सगळ्यात सौम्य म्हणजे परत प्रयत्न करणं, रीट्राय. पण प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक घाला, त्याला जिटर म्हणतात, नाहीतर सगळे क्लायंट एकाच सेकंदाला परत दार ठोठावतात. रीट्राय एकाच थरात ठेवा. तीन थर आहेत आणि प्रत्येक थर ३ वेळा प्रयत्न करतोय, तर तळाच्या बिचाऱ्याला एका क्लिकच्या २७ रिक्वेस्ट. आणि पैसे कापणाऱ्या कॉलला डोळे झाकून रीट्राय लावू नका, पहिल्यांदा पैसे गेले होते पण उत्तरच वाटेत हरवलं असेल तर? प्रत्येक व्यवहाराला एक युनिक नंबर द्या आणि तोच नंबर परत आला तर जुनंच उत्तर परत करा.

त्यानंतर आजारी पॉडला रांगेतून बाहेर काढणं. एन्व्हॉय प्रॉक्सीत (सर्व्हिसच्या पुढे उभं राहून ट्रॅफिक वाटणारा प्रोग्राम) हे तयार मिळतं, ओळीने ५ सर्व्हर एरर आल्या की तो इन्स्टन्स सुरुवातीला ३० सेकंद बाहेर. मग रीस्टार्ट. मग नवीन डिप्लॉयनंतर (नवा कोड चढवल्यावर) लगेच एरर वाढल्या असतील तर रोलबॅक, म्हणजे जुना कोड परत आणणं, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त फायदा देणारं ऑटोमेशन मला हेच वाटतं, कारण बहुतेक गोंधळ आपणच नुकताच काहीतरी बदल केला म्हणून झालेला असतो. मग नोड बदलणं. आणि सगळ्यात शेवटी, खूप शेवटी, डेटाबेसचा फेलओव्हर, म्हणजे मुख्य डेटाबेस गेला की दुसऱ्याला मुख्य करणं.

तो इतका शेवटी का? २१ ऑक्टोबर २०१८, गिटहब, जिथे जगभरचे लोक कोड ठेवतात ती साइट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १०० गिगची ऑप्टिकल उपकरणं बदलताना नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. फक्त ४३ सेकंद! पण तेवढ्यात फेलओव्हर करणाऱ्या टूलने बहुमत जमवून पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मुख्य करून टाकलं. इकडे पूर्वेला शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, तिकडे पश्चिमेला नवीन लिखाण सुरू झालं, दोन्हीकडे असं काहीतरी जे दुसरीकडे नाही. आता सरळ उलटं फिरवताही येईना. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. टूलने चूक केली नव्हती बरं का, त्याला जसं सांगितलं होतं तसंच ते वागलं.

पायरी ६: ब्रेक

गाडीला आधी ब्रेक लावा मग इंजिन, या बाबतीत तरी. अलर्टमॅनेजर (प्रोमिथियसचे अलर्ट पोचवणारा) वेबहुकने (ठरलेल्या वेब पत्त्यावर निरोप पाठवून) एका छोट्या प्रोग्रामला हाक मारतो आणि तो प्रोग्राम रीस्टार्ट करतो, ही जोडणी एका दुपारचं काम आहे. खरं काम म्हणजे त्याने हात लावण्याआधी स्वतःला काय विचारायचं. आमचा प्रोग्राम हे विचारतो: मला थांबवायचं बंदचं बटण दाबलंय का? डिप्लॉय चालू आहे का? या सर्व्हिसवर दुसऱ्या कुणाचं कुलूप आहे का (एकच अलर्ट दोनदा येऊ शकतो, म्हणून कुलूप पाहिजेच)? गेल्या ३० मिनिटांत मीच हिला रीस्टार्ट केलंय का? आजचे माझे ३ चान्स संपले का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती पॉड आजारी आहेत?

या शेवटच्या प्रश्नावर सगळं अडलेलं आहे. १२ पैकी १ आजारी असेल तर आजार त्याचा, मारा रीस्टार्ट. १२ पैकी ९ आजारी असतील तर आजार त्यांचा नाहीच, डेटाबेसचा आहे किंवा नेटवर्कचा किंवा मघाशी झालेल्या डिप्लॉयचा, किंवा मग बोगद्यात तुम्हीच आहात. आमची मर्यादा एक चतुर्थांश आहे, त्याच्या वर प्रोग्राम काहीही करत नाही, माणसाला उठवतो. हा शहाणपणा आमचा नाही, चांगल्या टूलमध्ये आधीपासून भरलेला आहे, फक्त आपण बघत नाही. कुबरनेटिसला सगळ्याच झोनमधले (मशीनच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या गटांमधले) सगळेच नोड मेलेले दिसले तर ते समजतं की माझंच कनेक्शन गेलंय आणि पॉड हलवणं थांबवतं. एन्व्हॉयमध्ये निरोगी सर्व्हर ५० टक्क्यांच्या खाली गेले की तो हेल्थ चेककडे दुर्लक्ष करून सगळ्यांना ट्रॅफिक वाटायला लागतो, आणि वर सांगितलेलं बाहेर काढणंही डिफॉल्टला १० टक्क्यांपर्यंतच.

ब्रेक नसला की काय होतं ते तुम्ही स्वतः भोगलंय. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार, रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप गेलं ते आठवतंय ना, आपल्याकडे लोक आपलंच वायफाय बंद-चालू करत बसले होते. फेसबुकमध्ये नेटवर्कच्या कण्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने सगळे डेटा सेंटर एकमेकांपासून तुटले, ती कमांड अडवायला जे टूल होतं त्यातच बग होता. पण पुढचा भाग आपल्या कामाचा. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) शिकवलं होतं की डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर समज तुझं नेटवर्क खराब आहे आणि इंटरनेटवरून स्वतःचा पत्ता काढून घे. एकट्या-दुकट्या सर्व्हरसाठी किती शहाणा नियम! त्या रात्री तो नियम सगळ्यांनी एकदम पाळला. डीएनएस चालू, पण जगाला तिथे पोचायचा रस्ताच नाही. दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची आतली टूलही त्याच्यावरच अवलंबून, सेवा परत यायला साधारण सहा तास.

म्हणून ते बंदचं बटण अशा जागी ठेवा जे बाकी सगळं पडलं तरी हाताला लागेल. आमचं पहिलं बटण त्याच क्लस्टरमधल्या (ज्या मशीनच्या गटावर सर्व्हिस चालते त्यातल्याच) एका वेबपेजवर होतं, हसू नका.

पायरी ७: आधी नुसतं बोलू द्या

पहिले तीन आठवडे प्रोग्रामला काहीही करू देऊ नका, फक्त चॅटवर मेसेज टाकू द्या, "मी आत्ता अमुक पॉड रीस्टार्ट केला असता, कारण हे". ऑनकॉलवाला खाली लिहील बरोबर की चूक. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात कळलं की दर रात्री बॅकअपच्या वेळी तो उगाच उड्या मारतोय. मग पुढचे काही आठवडे मंजुरीचं बटण, माणूस हो म्हणेल तेव्हाच. मग पूर्ण मोकळा.

आणि मारण्याआधी पुरावा गोळा करायला शिकवा: थ्रेड डंप, मेमरीचा डंप (त्या क्षणी आत काय चाललं होतं त्याची फाइल), शेवटचे लॉग, कुठेतरी पॉडच्या बाहेर जपून ठेवायचे. रीस्टार्टने आजारही जातो आणि पुरावाही. मेमरी संपून गेलेला कंटेनर १३७ कोडने मरतो, पण १३७ म्हणजे फक्त सक्तीने मारला एवढंच, कुणी आणि का ते बघावं लागतं.

पायरी ८: स्वतः मोडून बघा

पॉड डिलीट करून "बघा परत आला" म्हणणं ही टेस्ट नाही, मेलेलं ओळखणं सोपंच असतं. लटकलेलं बनवा. प्रोसेसला स्टॉप सिग्नल दिला की ती जिवंत राहते पण उत्तर देत नाही, अगदी खऱ्या आजारासारखी (कंटेनरच्या आतून एक नंबरच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसला तो लागत नाही, नोडवरून द्यावा लागतो). मग घड्याळ लावा, किती सेकंदांत कळलं, किती सेकंदांत बरं झालं. मग एकाऐवजी चार पॉड लटकवा, एक तृतीयांश, आणि बघा की प्रोग्राम हात मागे घेतो की नाही, ही टेस्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. आधी टेस्ट सेटअपवर, मग प्रॉडक्शनवर, आणि कामाच्या दिवशी भर दुपारी, सगळे जागेवर असताना. नेटफ्लिक्सचा केऑस मंकीसुद्धा ऑफिसच्या वेळेतच मशीन मारायचा. शुक्रवारी संध्याकाळी कराल तर टीम तुम्हाला चहाला बोलवणार नाही.

शेवटचं काम, दर सोमवारी मोजा की गेल्या आठवड्यात मशीनने किती वेळा काय केलं. आमची रिपोर्ट सर्व्हिस ऑटोमॅटिक झाल्यावर सगळे तिला विसरून गेले, फोन नाही, कटकट नाही. चार महिन्यांनी मी आकडा काढला तर जी तीन दिवसांतून एकदा पडायची ती दिवसाला दोनदा पडत होती, तीन चान्स अजून संपत नव्हते म्हणून कुणालाच पत्ता नाही. जपून ठेवलेला एक मेमरीचा डंप उघडला, अर्ध्या तासात सापडलं, पीडीएफमध्ये टाकलेल्या लोगोच्या इमेज उघडून कधी बंदच केल्या जात नव्हत्या, आणि मधल्या काळात मार्केटिंगवाल्यांनी लोगो आणखी मोठा करून दिला होता. दुरुस्ती एका ओळीची. नियम अजून चालू ठेवलाय, चान्स मात्र तीनवरून एकवर आणलाय.